डावा कोपरा

नाथा लहांगे यांनी मोबाइल पुढे केला तेव्हा तृप्तीला त्यात आधी कडुलिंबाचं झाड दिसलं, मग खिडकीचे गज, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी माणसाची छाती.

"परवा घोटीला काढलाय," नाथा म्हणाले. "टीबी हाय का तेवढं बघा."

कुणीतरी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून मोबाइलने फोटो काढला होता. डावं-उजवं कळायची खूण धरणाऱ्याच्या अंगठ्याखाली गेली होती. फुप्फुसात जे पांढरं दिसत होतं ते आजाराचं की बाहेरच्या ढगांचं, हे देवालाच ठाऊक.

"फिल्म कुठे आहे?"

"ती घरी राह्यली. ह्याच्यात दिसतंय की सगळं."

तृप्ती गांगुर्डे चौदा वर्षं नाशिक रोडच्या या खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होती, आणि 'ह्याच्यात दिसतंय की' हे वाक्य तिने चौदा वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते ऐकलं की तिच्या कानशिलात ठणका उठे. तिने मोबाइल परत दिला आणि व्हीलचेअरवरच्या माणसाकडे वळली.

पुंजा लहांगे, नाथांचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस. घोटीच्या पलीकडे डोंगराला लागून त्यांची भाताची शेती. रोपांची आवणी उरकली, चार दिवस पाठ टेकू म्हणेपर्यंत ताप चढला. पाच दिवस गावात गोळ्या, मग घोटीत सलाइन, आणि तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीची शंका काढल्यावर गाडी करून इथे. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन शहाऐंशी दाखवत होतं. माणूस बोलत नव्हता, कारण बोलायचं तर श्वास उसना आणावा लागत होता. त्याची बायको चंद्रभागा व्हीलचेअरच्या मागे दोन्ही मुठी आवळून उभी होती.

"गळ्यातला ताईत काढावा लागेल," तृप्ती म्हणाली.

"तो नाय निघायचा," नाथा म्हणाले.

"फोटोत येतो तो. डागावर डाग दिसतो."

"येऊ द्या. डॉक्टरला सांगा ताईत हाय म्हणून."

शेवटी चंद्रभागेने पुढे होऊन तो काळा दोरा मागे पाठीवर सरकवला, मग पाठीवरही दिसेल म्हटल्यावर वर हनुवटीपर्यंत ओढून धरला. पुंजाला दोघांनी धरून उभं केलं. तो एवढा खोकला की पहिला फोटो हलला, दुसरा बरा आला.

पडद्यावर चित्र उमटलं आणि तृप्तीला कळलं. दोन्हीकडे खाली, कडेकडेने, धुरकट पांढरे डाग. टीबी साधारण असा येत नाही. हे आठवड्याभरात आलेलं होतं आणि अजून वाढणार होतं.

"ताई, काय दिसतंय?" चंद्रभागेने विचारलं.

"रिपोर्ट आला की डॉक्टर सांगतील."

हे आणखी एक वाक्य. हे तिचं स्वतःचं होतं आणि त्याचाही तिला तितकाच वीट आला होता. सगळ्यांच्या आधी चित्र तिला दिसायचं, आणि तोंड उघडायची मुभा मात्र तिला सोडून सगळ्यांना. बरोबरच होतं ते, टेक्निशियनने निदान सांगायचं नसतं. पण समोरची बाई तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते, आणि चेहऱ्याला काही नियम लावता येत नाही.

दुपारी सिटी स्कॅन झाला. रिपोर्ट आला, त्यात तेच होतं: दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात आणि कडांना धूसर काचेसारखे डाग, विषाणूचा न्यूमोनिया असण्याची दाट शक्यता. संध्याकाळपर्यंत घशातला नमुनाही स्वाइन फ्लूचा निघाला. पुंजाला आयसीयूत हलवलं.

तिथून पुढे रोज सकाळी वरून फोन येऊ लागला. "तृप्ती, बेड नंबर चार, छातीचा एक्स-रे."

खाली एक्स-रे विभागात माणूस मशीनकडे येतो. आयसीयूत मशीन माणसाकडे न्यावं लागतं, आणि ते चाकांवरचं मशीन म्हणजे तृप्तीच्या आयुष्यातलं एक स्वतंत्र प्रकरण होतं. त्याचं पुढचं डावं चाक स्वतःच्या मर्जीने वळायचं. लिफ्टच्या दारात ते दोन बोटं अडायचं. आयसीयूत पोचल्यावर बॅटरी उतरलेली असायची आणि चार नंबर बेडजवळच्या सॉकेटमध्ये कुणीतरी मोबाइलचा चार्जर खुपसलेला असायचा. तक्रार लिहून तीन महिने झाले होते. तक्रारीवर 'पाहणी केली' असा शेरा आला होता.

दुसऱ्या दिवशी तिने झोपलेल्या पुंजाच्या पाठीखाली प्लेट सरकवून फोटो काढला. आयसीयूचे डॉक्टर अमित शेवाळे तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. वय पस्तिशीचं, हुशार, आणि सदा तिसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या घाईत.

"वाढलंय," ते म्हणाले. "हृदयही मोठं दिसतंय. नातेवाइकांना सांगायला हवं."

"सर, कालचा उभ्याने काढलाय, आजचा झोपवून. झोपल्यावर फुप्फुसं दबतात, हृदय मोठंच दिसतं. या दोघांची तुलना नाही होणार."

"माहितेय मला."

माहीत होतंच. पण पाचच मिनिटांनी त्यांनी बाहेर जाऊन नाथांना "कालच्यापेक्षा वाढलंय, हृदयावरही थोडा परिणाम दिसतोय," असं सांगितलेलं तिने लिफ्टची वाट बघताना ऐकलं. नाथा मटकन बाकावर बसले. तृप्तीने लिफ्टचं बटण उगाच चार वेळा दाबलं.

तिसऱ्या दिवशी मात्र खरंच वाढलं. तोंडावरच्या मास्कने भागेना, म्हणून घशात नळी घालून पुंजाला व्हेंटिलेटरवर घेतलं. चौथ्या दिवशीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं दुधाळ झाली होती. मधूनमधून काळे पट्टे, बाकी सगळं पांढरं. व्हेंटिलेटरला हवा ढकलायला जास्त जोर लावावा लागत होता, हे नर्स रोहिणी सिस्टरने सांगितलं. फुप्फुसं कडक झाली की असं होतं.

नाथांचं एव्हाना डोकं फिरलं होतं. टीबी नाही म्हटल्यावर त्यांना एक दिवस बरं वाटलं होतं, मग स्वाइन फ्लू ऐकून गावातल्या कुणी काय काय सांगितलं, मग हृदय, मग नळी. आयसीयूच्या दाराबाहेर ते पहारा दिल्यासारखे बसत आणि मशीन दिसलं की उठत.

पाचव्या दिवशी ते दारातच आडवे आले.

"पुन्यांदा फोटो?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"रोज फोटो काढता, रोज सांगता वाढलं. फोटो काढून कुठं बरं होतं का माणूस? त्या किरणांनीच वाढत असंल, कुणाला ठावं?"

"तसं नसतं. अगदी थोडे किरण असतात."

"मंग तुम्ही तो शिशाचा झगा कामून घालता? तुम्हाला झगा आन् माझ्या भावाला उघडा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तरही होतं: ती दिवसाला तीस-चाळीस फोटो काढते, वर्षानुवर्षं. पण मशीनचं चाक उंबऱ्याच्या पट्टीत अडकलं होतं, खाली बारा पेशंट खोळंबले होते, आणि चंद्रभागा बाकावरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"काका, बाजूला व्हा," ती म्हणाली. आवाज चढलाच.

"मी काय तुमच्या दारी भीक मागाया आलोय का?"

वॉर्डबॉयने त्यांना बाजूला घेतलं. तृप्ती मशीन रेटत आत गेली. चार्जर उपटला, प्लग लावला. रोहिणी सिस्टर आणि तिने मिळून पुंजाला उचललं, प्लेट सरकवली. तेवढ्या हालचालीनेही त्याचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवरून ब्याऐंशीवर उतरला आणि यंत्र कोकलायला लागलं. "लवकर कर ग," सिस्टर म्हणाली. तृप्तीने बटण दाबलं.

चित्र आलं. डाव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा कापला गेला होता. बरगड्या आणि पोटाचा पडदा जिथे मिळतात ती अणकुचीदार जागा, तीच नेमकी चित्राबाहेर.

चूक तिची होती. प्लेट तिरकी बसली होती, आणि रागाच्या भरात तिने तपासून बघितलं नव्हतं. मशीनची नाही, नाथांची नाही, सिस्टरची नाही.

"सर, डावा कोपरा कापलाय. परत घ्यायला लागेल."

डॉक्टर शेवाळे दुसऱ्या बेडवरून आले, पडद्याकडे बघितलं. "नळी जागेवर दिसतेय. पुरे."

"पण अख्खं फुप्फुस—"

"तृप्ती, पेशंट ब्याऐंशीवर गेला तुझ्यासमोर. परत हलवू का त्याला एका कोपऱ्यासाठी?" मग त्यांनी जरा वाकून बघितलं आणि त्यांचा सूर बदलला. "उलट डावी बाजू कालच्यापेक्षा बरी दिसतेय. बघ, काळी झालीय. औषध लागू पडतंय."

रोहिणी सिस्टर हसली. चार दिवसांतली पहिली बरी बातमी. डॉक्टर स्वतः बाहेर गेले आणि डावं फुप्फुस सुधारतंय असं नाथांना सांगितलं. मशीन बाहेर ढकलत नेताना तृप्तीला चंद्रभागा दिसली. तिने पदर डोळ्यांना लावला होता आणि नाथा तिला म्हणत होते, "म्हटलं नव्हतं का मी, उतरंल."

खाली आल्यावर तृप्तीने ओळीने सात पेशंट काढले. आठवा आत येईपर्यंत तिने संगणकावर पुंजाचा कालचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावला. स्वतःची चूक किती मोठी आहे एवढंच तिला बघायचं होतं.

उजवं फुप्फुस कालच्याइतकंच दुधाळ होतं. डावं खालच्या बाजूला काळं झालं होतं, आणि कापलेल्या कडेकडे जावं तसतसं जास्तच काळं.

हे तिला आवडलं नाही. गेल्या काही वर्षांत तिने असल्या न्यूमोनियाचे शेकडो फोटो काढले होते. ते डाग यायला चार दिवस घेतात आणि जायला चार आठवडे. जातात तेही दोन्हीकडून, हळूहळू, मागे रेघा सोडून. एका रात्रीत एकच बाजू पुसून काढल्यासारखी साफ होत नाही. आणि झोपलेल्या माणसाच्या छातीत, फुप्फुसाच्या बाहेर हवा सुटली तर ती वर खांद्याकडे नाही, पुढे आणि खाली, त्या कोपऱ्यात जमते.

तो कोपरा तिच्याजवळ नव्हता.

फोटोंचा रिपोर्ट देणारे डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलात होते. तिने फोन केला, लागला नाही. आयसीयूत लावला.

"सर, चार नंबरचा रिपीट हवाय मला. डावीकडे हवा असेल असं वाटतंय."

"रिपोर्ट तू द्यायला लागलीस का आता?"

"रिपोर्ट नाही देत. फोटो चुकलाय, तो माझा चुकलाय. रजिस्टरला माझ्या नावाने लिहिते. पण तो कोपरा दिसल्याशिवाय मी हा फोटो पुरा झाला म्हणणार नाही."

फोनमध्ये मागे कुठलंतरी यंत्र वाजत होतं.

"ये," डॉक्टर म्हणाले. चिडूनच म्हणाले, पण म्हणाले.

आठव्या पेशंटला तिने थांबायला सांगितलं. तो सायखेड्याहून आलेला म्हातारा, त्याची बस होती, तो बडबडत राहिला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी अडवून ठेवली होती. मशीनचं चाक वळलं. आयसीयूच्या दारात नाथा उभे.

"आत्ता तर काढला."

"माझ्याकडून नीट आला नाही. परत काढायचाय."

"तुमच्याकडून नीट नाय येत, आन् माझ्या भावाला दोनदा उचलायचं? असली कसली माणसं ठेवलीत हितं?" त्यांचा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू गेला. "डॉक्टर म्हणले सुधारतंय. कशाला परत? नाव घेतो मी तुमचं, वर तक्रार करतो."

"करा," तृप्ती म्हणाली. "तृप्ती गांगुर्डे. आधी आत जाऊ द्या."

चंद्रभागा उठली आणि तिने दिराला दंडाला धरून मागे ओढलं. ती थोरल्या दिराला कधी अडवत नसावी, कारण नाथा एवढे चकित झाले की हललेच.

आत व्हेंटिलेटर वाजत होता. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, आणि यंत्रात हवेचा दाब चढत चालल्याची खूण. सकाळी मिळालेली बरी बातमी रोहिणी सिस्टरच्या चेहऱ्यावरून उतरली होती. "अर्ध्या तासापासून असंच चाललंय," ती म्हणाली. "मी नळी साफ केली, तरी तेच."

या वेळी तृप्तीने घाई केली नाही. प्लेट सरळ आहे का बघितलं, खाली चार बोटं जास्त सोडली, हाताने चाचपून बरगडीची शेवटची कड शोधली. मग मागे सरली आणि बटण दाबलं.

डावा कोपरा आला. तो जिथे संपायला हवा होता तिथे संपत नव्हता. काळाकुट्ट, टोकदार, पोटाच्या बाजूने खोल खाली घुसलेला. इतका काळा की त्यात फुप्फुस असणं शक्य नव्हतं. नुसती हवा.

डॉक्टर शेवाळे पुढे झाले. त्यांनी सोनोग्राफीचं छोटं मशीन ओढलं, पुंजाच्या छातीवर आधी उजवीकडे, मग डावीकडे टेकवलं आणि पडद्याकडे बघत राहिले. उजवीकडे फुप्फुस श्वासागणिक सरकताना दिसत होतं. डावीकडे काहीच सरकत नव्हतं.

"छातीत नळी घालायची," ते सिस्टरला म्हणाले. "आत्ता."

तृप्ती मशीन घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. जायला वाटच नव्हती, मध्ये ट्रॉली आली होती. भूल, चिरा, नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आणि त्या बाटलीत बुडबुडे फुटायला लागले, भराभर, उकळी आल्यासारखे. फुप्फुस चेपणारी हवा बाहेर पडत होती. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. नव्वद. रोहिणी सिस्टरने पुटपुटत कुणाचं तरी नाव घेतलं.

"एक फोटो लागेल," डॉक्टर म्हणाले. "नळीची जागा बघायला."

पुंजाला त्या दिवशी तिसऱ्यांदा उचललं.

त्यानंतर सगळं एका झटक्यात सुरळीत झालं असं नाही. आणखी नऊ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. मध्ये एकदा ताप उलटला, एकदा छातीतली नळी तुंबली. रोज सकाळी फोन, रोज ते चाक, रोज तो चार्जर. डॉक्टर शेवाळ्यांनी त्या दिवसाबद्दल तृप्तीला चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. फक्त पुढच्या सोमवारी आयसीयूत एक सूचना चिकटली: 'छातीच्या प्रत्येक एक्स-रेमध्ये दोन्ही खालचे कोपरे दिसलेच पाहिजेत. अन्यथा फोटो पुन्हा घ्यावा.' खाली डॉक्टरांची सही. रोहिणी सिस्टरने ती तृप्तीला बोटाने दाखवली. तृप्तीने वाचली आणि म्हणाली, "चार्जरबद्दलही एक लावायला सांगा."

महिन्यावर चार दिवस झाले तेव्हा पुंजाला घरी सोडलं. हाडांवर कातडं उरलं होतं. सोबत ऑक्सिजनचं यंत्र, घरी तीन आठवडे लावायला. डोंगराकडच्या वाडीत वीज किती टिकते ते नाथांनाच माहीत, त्यांनी इन्व्हर्टरची सोय केली होती.

जायच्या आधी ते खाली एक्स-रे विभागात आले. एकटेच.

"सगळे फोटो पायजेत आमाला."

"दिलेत की. त्या पाकिटात सीडी आहे, सगळे आहेत त्याच्यात."

"सीडी कशात लावू? टीव्हीत लागंल का?"

"नाही. कम्प्युटरला लागते."

"आमच्या घोटीत कुणाकडं असला कम्प्युटर राह्यलाय? छापून द्या."

"छापायला परवानगी लागते, त्याचा अर्ज वर पहिल्या मजल्यावर..." तृप्तीचं तिलाच ऐकवेना. रिपोर्ट येऊन महिना झाला होता, माणूस घरी चालला होता, आता तिच्या तोंडाला कुठलं कुलूप नव्हतं. "या इकडे. बसा."

तिने पडद्यावर पाचव्या दिवसाचे दोन फोटो लावले. आधी कोपरा कापलेला, मग पुरा.

"हे काळं दिसतंय ना, सकाळी म्हणाले सुधारलं ते. सुधारलं नव्हतं. फुप्फुसातून हवा फुटून बाहेर आली होती. ही बघा, इथपर्यंत."

नाथा पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. खिशातला मोबाइल त्यांनी काढला नाही.

"म्हंजे तुम्ही परत आल्या नसत्या तर?"

"डॉक्टरांना कळलंच असतं. यंत्र वाजत होतं."

"कवा कळलं असतं?"

तासाभरात, दोन तासांत. तोवर काय झालं असतं ते तिने महिनाभर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"आन् पयला फोटो तुमच्याकडूनच चुकला व्हता."

"हो. माझ्याकडूनच."

नाथांनी मान हलवली. "मी दारात आडवा आलो त्यामुळं."

"तुम्ही आडवे आलात, मशीन आडवं आलं. पण बघायचं काम माझं होतं."

ते उठले. पाकीट काखेत घातलं. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"तक्रार केली मी तुमची. त्याच दिवशी. वरच्या हापिसात लिहून दिली."

"माहितेय. मला पत्र आलंय. खुलासा मागितलाय."

"काय लिवलं?"

"अजून नाही लिहिला."

"मंग लिवू नका. मी जातो वर, मागं घेतो."

"ती मागे घ्यायचा अर्ज पण पहिल्या मजल्यावरच मिळतो," तृप्ती म्हणाली. "आणि तिथले साहेब तीननंतर भेटतात."

नाथांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा झाले होते. बाहेर गाडीत पुंजा बसला होता, चंद्रभागा त्याच्या नाकाची नळी सावरत होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. नाथांनी एक सुस्कारा टाकला आणि पेशंटांच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"त्यांना जाऊ द्या म्होरं," ते म्हणाले. "मी थांबतो. येतो मागनं यष्टीनं."

तृप्तीने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.